साडूंचा आखूड गिअर

माझ्या धाकट्या साडूंच्या हातात कुठलीही वस्तू दिली, की ते आधी ती तळहातावर दोनदा झुलवायचे. लग्नातला नारळ असो, आहेराचा तांब्या असो, नाहीतर बारशातलं बाळ. मग डोळे मिटून वजन सांगायचे. आमच्या मुलीच्या बारशाला त्यांनी सांगितलेलं वजन आणि दवाखान्याच्या कार्डावरचं वजन यांत थोडा फरक निघाला. तो त्यांच्या मते झबल्याचा होता. कुणीतरी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जाऊन झबलं तोलून आणलं, तर तो खरोखर झबल्याचाच निघाला. सगळं घर त्यांच्याभोवती गोळा झालं. मुलगी माझी, बारसं माझ्या घरचं, आणि कौतुक त्यांच्या तळहाताचं.

त्यांच्याविषयी माझ्या पोटात जे काही आहे त्याची सुरुवात त्या झबल्यापासून झाली, असं मी बरीच वर्षं समजत होतो. बायको म्हणाली, "खोटं बोलू नका. त्याच्या आधीपासून जळताय तुम्ही."

बायकोचं बरोबर होतं.

आमचे सासरे, म्हणजे आबा, धुळ्याला देवपुरात राहायचे. उमेदीची सारी वर्षं त्यांनी एसटीची लाल गाडी चालवण्यात घालवली होती आणि माणूस कसा आहे हे ते त्याच्या गिअर बदलण्यावरून ठरवायचे. मी त्यांची थोरली मुलगी पाहायला गेलो, तेव्हा चहापोहे झाल्यावर त्यांनी शेजाऱ्याची जीप दारात आणून उभी केली आणि किल्ली माझ्या हातात दिली. मी जळगावच्या शाळेत भूगोल शिकवणारा माणूस. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना जीपने असा काही सूर काढला, की समोरच्या ओट्यावर गहू निवडत बसलेल्या दोन बाया सुपं घेऊन आत गेल्या. आबा मला काही बोलले नाहीत. खाली उतरून बॉनेटवर हात ठेवला आणि जीपलाच म्हणाले, "दात मोडी टाकात बिचारीना."

लग्न झालं, ते मुलीने हट्ट धरला म्हणून.

चार वर्षांनी धाकटीला पाहायला हे गृहस्थ आले. तीच जीप, तोच रस्ता. गाडी कोपऱ्यावरून वळली, परत आली, पण गिअर पडल्याचा आवाज म्हणून कुणाच्या कानावर आला नाही. आबांनी आत निरोप धाडला, "पोऱ्याना हात चांगला शे. चहा ठेवा." म्हणजे त्यांचा होकार चहाच्याही आधी आला.

पुढे आबा मला कायम 'पाव्हना' म्हणत राहिले. साडूंना दुसऱ्या दिवाळीपासून 'भाऊ' म्हणायला लागले. मी थोरला जावई, पहिलं पान माझं, टॉवेल-टोपी आधी मला. मानात कुठे कसूर नव्हती. पण पाव्हना तो पाव्हनाच.

साडूंची यावलजवळ केळीची बाग. घड कापायच्या आधी त्याला खालून तळहात लावून अंदाज घ्यायचा, ही त्यांच्या घरची पिढ्यांची रीत. व्यापारी काटा घेऊन यायचा, हे हात घेऊन उभे राहायचे, आणि व्यापारी शेवटी काट्यापेक्षा हातावर विश्वास ठेवायचा. "हाताला विचारा," हे त्यांचं आवडतं वाक्य. दुसरं आवडतं वाक्य, "घाई केळीला असते, आपल्याला नसते." हे वाक्य ते अशा वेळी म्हणायचे, की ऐकणाऱ्याची गाडी सुटलेली असायची.

अशा माणसाने पंचेचाळिशी उलटल्यावर स्पोर्ट्‌स कार घेतली. जुनी, परदेशी बनावटीची, गडद निळी. बसायला दोनच जागा आणि वरचं छत घडी घालून मागे टाकता येणारं. जमिनीपासून इतकी खाली, की केळीच्या ट्रकशेजारी उभी राहिली तर ट्रकवाल्याला ती दिसायचीच नाही. गावातली माणसं तिला 'चप्पल' म्हणायची. "भाऊ, चप्पल कुठे काढली आज?" असं विचारलं तरी हे शांतपणे सांगायचे, "शेडमध्ये." यावल ते जळगाव रस्त्यावरचा एकूण एक गतिरोधक त्यांना तोंडपाठ होता. कुठला सरळ घ्यायचा, कुठला तिरका, आणि कुठल्यासाठी खाली उतरून चाकाखाली फळी टाकायची, हे ते प्रवासाला निघताना मनातल्या मनात म्हणायचे. त्या फळीसाठी त्यांनी गाडीची अर्धी डिकी दिली होती.

पहिल्यांदा ती गाडी देवपुरात आली, तेव्हा आबा तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून आले आणि डाव्या बाजूला बसले. दोघं फिरायला गेले. आम्ही बाकीचे फाटकाशी. तिसऱ्या माणसाला त्या गाडीत जागाच नव्हती. मला तर वाटतं, ती गाडी बनवणाऱ्याने माझा विचार करूनच बनवली असावी.

मी गाडी घेतली ती ऑटोमॅटिक. दात मोडायची भानगडच नको. एकदा जेवणं झाल्यावर गप्पा चालल्या असताना आबा म्हणाले, "माले एकदाव गाडी चालाडनी शे. बठ्ठा गेर मीच टाकसू." निळ्या गाडीचे सगळे गिअर त्यांना स्वतः टाकायचे होते, पण त्यांचा डावा खांदा तेव्हा तीन-चार वर्षांपासून धरलेला होता. हात कमरेच्या पुढे गेला की कळ निघायची, आणि एकदा निघाली की आठ आठ दिवस झोप नाही. लायसन्स मात्र ते न चुकता नवं करून घेत. मी लगेच म्हटलं, "आबा, माझी चालवा ना. तिला गिअरच नाही. खांद्याला त्रासच नाही."

आबांनी माझ्याकडे फार मायेने पाहिलं. "ती चालाडनी नही पडत, पाव्हना. ती आपली आपली चालस."

सगळे हसले. मी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विषय माझ्यापुरता संपला. साडू हसले नव्हते. ते आबांच्या डाव्या हाताकडे पाहत होते.

दुसऱ्याच महिन्यात कळलं, की साडू गाडीला शॉर्ट शिफ्टर बसवणार आहेत, आणि तो निवडायचं काम सुरू झालंय. आबांना सांगायचं नाही, अशी आम्हा सगळ्यांना ताकीद होती.

शॉर्ट शिफ्टर म्हणजे काय, हे मला त्यांनी इतक्या वेळा समजावलं, की मी आता ते वर्गात शिकवू शकेन. गावातला हापसा डोळ्यांपुढे आणा. त्याचा दांडा लांब असला की हात पुष्कळ वरखाली करावा लागतो, पण जोर कमी लागतो. दांडा आखूड केला की हात थोडाच हलतो, पण प्रत्येक हिसक्याला कंबर आठवते. गिअरची लिव्हरही अशीच एका टेकूवर झुलते. टेकू वर सरकवला की मुठीचा प्रवास कमी होतो आणि गिअर चटकन पडतो. तरुण पोरं हौसेने अशा लिव्हर बसवतात ते वेगासाठी. साडूंना वेगाचं काही नव्हतं. ती गाडी त्यांनी उभ्या जन्मात कधी ऐंशीच्या पुढे नेली नसेल. त्यांचा हिशेब एवढाच होता, की मुठीचा प्रवास कमी झाला तर नुसतं मनगट हलेल आणि आबांचा खांदा जागच्या जागी राहील. पण प्रवास फार कमी केला, तर जोर वाढणार आणि ती कळ खांद्यातच जाणार. या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आबांचा हात बसत होता. तो नेमका कुठे, हे शोधायला त्यांनी दोन वर्षं घेतली.

ती दोन वर्षं आम्ही सगळ्यांनी भोगली. त्यांच्या खिशात कायम एक गिअरची मूठ असायची. कधी लाकडी, कधी स्टीलची, कधी चामडं गुंडाळलेली. बँकेच्या रांगेत, देवळात, लग्नाच्या पंगतीत ती मूठ डाव्या हातात फिरत असायची. आलेल्या लग्नपत्रिकांच्या मागे कोऱ्या जागेवर आकडे असायचे. किती बोटं प्रवास, किती उंची, खटका कसा. लिव्हर बनवणाऱ्या एका परदेशी कंपनीला त्यांनी पत्र लिहायचं ठरवलं आणि इंग्रजी माझ्याकडून तपासून घेतलं. प्रश्न एकच होता, दुसरा गिअर टाकताना हातावर किती वजन पडेल? उत्तर आलं, प्रवास अमुक टक्क्यांनी कमी होतो. साडूंनी ते वाचून घडी घातली. म्हणाले, "टक्के हाताला कळत नाहीत, भाऊ."

मग त्यांनी दुसऱ्यांच्या गाड्या पाहायला सुरुवात केली. धुळ्यात एका कापड व्यापाऱ्याकडे अशी आखूड लिव्हर बसवलेली गाडी आहे असं कळलं, आणि सोबतीला मला नेलं. ओळख ना पाळख. "दोन मिनिटं बसू का आत? चालवायची नाही. फक्त गिअर हलवायचा." व्यापाऱ्याला वाटलं गिऱ्हाईक आहे, त्याने चहा मागवला. साडू इंजीन बंद असलेल्या गाडीत बसले, क्लच दाबला, डोळे मिटले आणि पहिला-दुसरा, पहिला-दुसरा असं बराच वेळ करत राहिले. चहावर साय धरली. व्यापारी मला बाजूला घेऊन म्हणाला, "ह्यांचं सगळं बरं आहे ना?"

मी म्हटलं, "आमच्या घरात हेच बरे समजले जातात."

साडू उतरले. म्हणाले, "खटका छान आहे, पण हात दमेल." व्यापाऱ्याला नमस्कार केला आणि थंड चहा एका घोटात संपवला. परतताना मी विचारलं, "हात दमेल हे तुम्हाला कसं कळलं? तुमचा हात तर घड उचलणारा." ते म्हणाले, "म्हणूनच घोळ होतोय. माझा हात फार धडधाकट आहे." हे बोलताना त्यांना खरंच वाईट वाटत होतं. धडधाकट असल्याचं दुःख मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि त्याचाही मला हेवा वाटला.

कारण त्याच सुमाराला माझा डावा खांदा धरला होता. साखर वाढली की असं होतं, डॉक्टर म्हणाले. बनियन घालायला बायको लागायची आणि पाठ खाजवायला शाळेतली लाकडी पट्टी. पण माझ्या खांद्याची आमच्या घरात बातमी झाली नाही. खांदा म्हटला की आबांचा.

दोन वर्षांच्या शेवटी तीन लिव्हर उरल्या. पहिली साधी, मूळचीच पण वरून कापून आखूड केलेली. दुसरीचा टेकू वर घेतलेला आणि थोडा खालीवर करता येणारा. तिसरी सगळ्यांत आखूड, आत रबराऐवजी धातू, दोन्ही बाजूंना कडक स्प्रिंग. साडूंनी भंगारातून तसलाच एक गिअरबॉक्स मिळवून केळीच्या शेडमध्ये फळीवर पक्का बसवला होता. शेजारी खुर्ची. आणि मला बोलावणं धाडलं.

त्या सकाळी घरून निघताना बायको म्हणाली होती, "आबांसाठी किती करतो हो तो. स्वतःचा मुलगा नसता करत." बोलून तिने माझ्या शर्टाचं बटण लावलं. एवढंच. पण यावल येईपर्यंत ते वाक्य माझ्या कानात वाजत होतं.

शेडमध्ये मी खुर्चीवर बसलो आणि एकेक लिव्हर हलवून पाहिली. पहिलीला खांदा फिरला, बारीक कळ आली. दुसरीला फारसं काही झालं नाही. तिसरीला दुसरा गिअर टाकला, तेव्हा कळ खांद्यातून निघून कानापर्यंत गेली आणि डोळ्यांत पाणी आलं.

"काय म्हणतो हात?" साडूंनी विचारलं.

मी मान वळवून डोळे पुसले. म्हटलं, "तिसरी."

"नक्की?"

"स्पोर्ट्‌स कार आहे, साडूभाऊ. बसवायची तर अस्सल बसवा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग तिसरी लिव्हर तळहातावर घेऊन दोनदा झुलवली आणि म्हणाले, "बरं. तुम्ही म्हणता तर तिसरी."

मला वाटलं होतं, ते वाद घालतील. ते वाद घालतील म्हणूनच मी बोललो होतो, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होतो.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोन्ही मुली माहेरी आल्या होत्या. खापरावरचे मांडे झाले, आमरस झाला. दुपार कलल्यावर साडूंनी आबांना हाताला धरून बाहेर आणलं, गाडीच्या उजव्या दाराशी एक पाट ठेवला, आणि किल्ली त्यांच्या हातात दिली. आबांनी ती घट्ट धरली. पाटावर पाय ठेवून ते हळूहळू खाली सीटवर उतरले, एखाद्या विहिरीत उतरावं तसे. गल्ली गोळा झाली. साडू शेजारी बसले. मी अगदी पुढे, गाडीच्या खिडकीशी.

आबांनी इंजीन चालू केलं, आवाज ऐकला, मान हलवली. पहिला पडला. गाडी पाच-सहा घरं पुढे गेली. मग दुसऱ्यासाठी त्यांनी लिव्हर मागे ओढली आणि ती अर्ध्यावर अडकली. पुन्हा ओढली. आतून जो आवाज आला तो मी ओळखला, तीस वर्षांपूर्वी मीच काढला होता. आबांचा हात लिव्हरवरून खाली पडला. गाडी बंद झाली. 

"नही पडत," आबा म्हणाले. त्यांचा चेहरा घामाने भिजला होता. दोघांनी धरून त्यांना बाहेर काढलं. पाटावर पाय ठेवताना ते थांबले, गाडीच्या बॉनेटकडे पाहिलं, पण तिला काही म्हणाले नाहीत. घरात जाऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

माझी मेहुणी नवऱ्यावर तुटून पडली. "दोन वर्षं मुठी चोळत फिरलात, आणि हे आणलंत? ह्या वयात चारचौघांत त्यांची शोभा केलीत." साडू ओट्यावर बसले होते. म्हणाले, "माझंच चुकलं. निवड माझी."

माझं नावही त्यांनी घेतलं नाही. मी तिथेच उभा होतो. दोष घ्यायची वेळ आली, तिथेही हा माणूस माझ्या पुढे.

आबांचा खांदा नऊ दिवस ठणकत होता. दहाव्या दिवशी मी एकटाच यावलला गेलो. बायकोला म्हटलं, कामाने जातोय. तिने काम कसलं ते विचारलं नाही.

साडू शेडमध्ये घडांना पाणी मारत होते. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. तिसरी कडक होती, माझ्या कानापर्यंत कळ गेली होती, आणि मी मुद्दाम तीच सांगितली.

त्यांनी पाइप खाली ठेवला. "ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"कडक होती ते. मी हातावर तोलली होती ना. शिवाय तुमच्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहिलं मी."

"मग बसवलीत का?"

साडूंना हा प्रश्नच समजला नसावा, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "दोन वर्षं मी तुम्हाला विचारत होतो, भाऊ. तुम्ही दर वेळी हसण्यावारी न्यायचात. पहिल्यांदा एक काही सांगितलंत. थोरल्या साडूचा शब्द. तो कसा मोडायचा?"

आता ह्याला काय म्हणावं? जगात कुणाचंही न ऐकता हाताला विचारणारा माणूस, पण थोरल्या जावयाचा मान आडवा आला आणि हाताचं ऐकायचं राहिलं. मला राग आला. त्यांचा की माझा, ते ठरवायच्या आत ते म्हणाले, "खांदा अजून धरलेला आहे का तुमचा?"

"आहे."

"किती?"

"बनियन घालता येत नाही."

त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे आबांइतकाच. आधी का नाही बोललात?"

पुढचा महिनाभर दर रविवारी मी जळगावहून धुळ्याला जात होतो. तिथे एक म्हातारे लेथवाले चाचा होते. कमी बोलायचे, आणि बोलले तरी लोखंडाशीच जास्त. साडूंनी दुसरी लिव्हर काढली. चाचांनी तिचा टेकू किंचित खाली घेतला, वरून दोन बोटं उंची वाढवली, स्प्रिंग नरम केल्या. मला सीटवर बसवून साडूंनी माझ्या दंडाला एक दोरा बांधला आणि त्याचं दुसरं टोक सीटला. गिअर टाकताना दोरा ताणला गेला, तर लिव्हर नापास.

"टाका दुसरा."

मी टाकायचो. कळ आली की ओरडायचो. चाचा चष्म्यावरून पाहायचे. "इत्ता चिल्लाए तो एक सूत और," असं म्हणून इंचाचा आठवा भाग बदलायला लिव्हर पुन्हा लेथला लावायचे. माझ्या ओरडण्याला त्यांनी मोजमाप म्हणून घेतलं होतं. आयुष्यात एवढ्या गंभीरपणे माझं म्हणणं कुणी ऐकून घेतलं नव्हतं. चौथ्या रविवारी मी दुसरा टाकला, तिसरा टाकला, परत दुसऱ्यावर आलो, आणि दोरा सैलच राहिला. चाचांनी हात पुसले. साडूंनी तीनदा पुन्हा टाकायला लावला आणि मग दोऱ्याची गाठ सोडली.

ह्या वेळी गल्ली नको, असं ठरलं. देवपूरच्या बाहेर प्लॉट पाडून ठेवलेत पण घरं झालेली नाहीत, तिथे एक लांब सरळ रस्ता आहे. सकाळी सातला आबांना माझ्या गाडीतून तिथे नेलं. ते वाटेत म्हणत होते, "नको आते. व्हई गयं." साडू निळी गाडी घेऊन आधीच थांबले होते, पाट हातात.

आबा सीटवर उतरल्यावर साडू मला म्हणाले, "तुम्ही बसा."

"मी?"

"थोरले तुम्ही. आणि दोरा काही आबांना बांधता येत नाही. त्यांच्या खांद्यावर नजर ठेवा. शर्टाची शिवण हलली तरी मला सांगा, आपण परत चाचांकडे जाऊ. रस्ता पाहू नका, खांदा पाहा."

मी बसलो. ज्या जागेकडे पाहत मी इतकी वर्षं फाटकाशी उभा राहिलो होतो, त्या जागेवर. दार लागलं. आत आबा आणि मी, दोघंच.

पहिला पडला. गाडी निघाली. दुसरा. मला आवाज आला नाही. आबांच्या ओठांची एक बाजू किंचित वर गेली. तिसरा. उघड्या छतातून वारा आत यायला लागला. मला वाटलं, आता बोलतील. एवढ्यात बोलतील. मीच घसा खाकरून म्हटलं, "आबा, आखाजीची ती कडक लिव्हर मी सांगितली होती. साडूभाऊंनी नाही."

आबांनी पुढे पाहतच ऐकलं. गाडी हळू केली, तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आले.

"आणि ही बसवताना मी चार रविवार सोबत होतो," मी म्हटलं.

"मंग आते गप बसा, पाव्हना," आबा म्हणाले. "गेर कसा पडस ते आयकू द्या."

 रस्त्याच्या टोकाला जाऊन त्यांनी गाडी वळवली आणि परत आणली. वळताना, थांबताना, पुन्हा निघताना मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. काही निघतं का, एखादा शब्द, नुसती मान.

साडू पाटाजवळ उभे होते. गाडी थांबली तसे खाली वाकून माझ्या खिडकीशी आले. आबांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, "खांदा हलला का?"

 मी एकदाही पाहिला नव्हता.

"हलला का, भाऊ?"

आबा स्टीअरिंगवर बोटं वाजवत बसले होते. दुखत होतं की नव्हतं, ते विचारलं असतं तर कधीच कबूल केलं नसतं. मी दार उघडलं. खाली उतरलो, उजव्या हाताने साडूंचा दंड धरला आणि त्यांना सीटकडे ढकललं.

"मी नाही पाहिलं," मी म्हटलं. "तुम्ही बसा. तुम्हीच पाहून या."

 ते पाट माझ्या हातात देऊन आत बसले. पाट जड होता. त्यांनी मला तो देताना सवयीने दोनदा झुलवलाही असेल, मी पाहिलं नाही.

गाडी निघाली. मी मोकळ्या प्लॉटच्या कडेला बाभळीखाली पाट घेऊन उभा राहिलो आणि कान देऊन ऐकत होतो. पहिला, दुसरा, तिसरा. इंजिनाचा सूर दर वेळी एक पायरी उतरायचा आणि पुन्हा चढायचा, मधे कुठे खरड नव्हती. रस्त्याच्या टोकाशी त्यांनी गाडी वळवली नाही. पुढे हमरस्त्याला लागले आणि नाहीसे झाले.

चांगला पाऊण तास लागला त्यांना यायला. परतताना लांबूनच दिसलं, साडूंचा चेहरा आबांच्या खांद्याकडे वळलेला होता आणि आबा एकसारखे काहीतरी सांगत होते. हसत होते. मला दाखवायला असावं तसं त्यांनी माझ्यासमोरून आणखी एक चक्कर मारली.

ते दोघं त्या पाऊण तासात काय बोलले, ते मला आजवर कळलेलं नाही. साडूंना विचारलं तर सांगतील. पण विचारायला जेवढं मन मोठं लागतं तेवढं माझं अजून झालेलं नाही.